यानातलं सॉफ्टवेअर त्रयस्थ नजरेनं कसं तपासतात

मंगळावर उतरणाऱ्या यानाला शेवटच्या काही मिनिटांत पृथ्वीवरून कुणीच मदत करू शकत नाही. दोन ग्रहांमधल्या अंतरानुसार रेडिओ संदेश पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात आणि उतरण्याचा सगळा खेळ सहा-सात मिनिटांत आटोपतो. पॅराशूट कधी उघडायचं, इंजिन कधी पेटवायचं, कधी बंद करायचं, हे सगळं यानातला संगणकच ठरवतो. ज्या प्रोग्रॅमच्या जोरावर तो हे ठरवतो, त्याला फ्लाइट सॉफ्टवेअर म्हणतात.

हे सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी ते तपासतातच. पण मोठ्या मोहिमांत तेवढ्यावर भागत नाही. ज्यांनी त्यातली एकही ओळ लिहिलेली नाही, अशा माणसांकडून ते पहिल्यापासून पुन्हा तपासून घेतलं जातं. या त्रयस्थ तपासणीत काय काय होतं आणि माणसं कुठे फसतात, ते आपण क्रमानं पाहू. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी काही बिघडत नाही; पुढे येणारे बहुतेक घोटाळे समजायला शाळेतलं गणित पुरतं.

त्रयस्थ म्हणजे किती त्रयस्थ?

सुरुवात माणसांपासून. गृहनिर्माण संस्थेचे हिशेब खजिनदाराच्या भाच्यानं तपासले, तर सभासद तो अहवाल मान्य करतील का? भाचा हुशार असेल, प्रामाणिकही असेल. पण जे खजिनदारानं गृहीत धरलं, ते त्याच्या घरच्या माणसालाही गृहीतच वाटणार. यानाच्या बाबतीत हेच टाळायचं असतं, म्हणून तपासणाऱ्यांचं स्वातंत्र्य तीन बाजूंनी बघतात.

पहिलं तांत्रिक. तपासणारे स्वतःची साधनं वापरतात आणि मूळ प्रश्न स्वतः समजून घेतात. लिहिणाऱ्यांनी समजावून सांगितलं म्हणून मान डोलावत नाहीत. दुसरं कारभाराचं. काय तपासायचं आणि आधी काय घ्यायचं, हे तेच ठरवतात. तिसरं पैशाचं. त्यांचा खर्च प्रकल्पप्रमुखाच्या खिशातून होत नाही.

माझ्या मते पहिली दोन स्वातंत्र्यं या तिसऱ्याच्या आधारावर उभी आहेत. प्रकल्प लांबला आणि पैसे संपत आले की पहिली कात्री चाचण्यांना लागते. तपासणाऱ्याचा पगार त्याच थैलीतून येत असेल, तर तोही हळूहळू सांभाळून बोलायला लागतो.

अमेरिकेच्या नासानं यावर काढलेली तोड अशी. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर शटल कोसळलं. त्याच्या चौकशी आयोगाच्या आणि पुढे तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या शिफारशींवरून १९९३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरमाँट या गावी या कामासाठी स्वतंत्र केंद्र उघडण्यात आलं. यानं जिथे बनतात त्या कॅलिफोर्नियापासून किंवा अंतराळवीर जिथे तयार होतात त्या ह्यूस्टनपासून हे गाव बरंच लांब. केंद्राचा पैसा नासाच्या सुरक्षा विभागाकडून येतो. २०१९ मध्ये त्याला गणितज्ञ कॅथरिन जॉन्सन यांचं नाव देण्यात आलं. १९६२ मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा संगणकानं काढलेले आकडे त्यांनी ज्या बाईंकडून हातानं पुन्हा तपासून घेतले, त्या याच. अशा केंद्राला याहून शोभणारं नाव सापडणं कठीण.

चॅलेंजरच्या चौकशी आयोगावर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. अहवालाला जोडलेल्या त्यांच्या परिशिष्टात इंजिनांवर आणि व्यवस्थापनावर सडकून टीका आहे. शटलचं सॉफ्टवेअर तपासण्याच्या पद्धतीचं मात्र त्यांनी कौतुक केलं. एक गट प्रोग्रॅम लिहायचा आणि दुसरा गट मुद्दाम विरोधकाची भूमिका घेऊन तो तपासायचा. या दुसऱ्या गटाला चूक सापडली, तर ती चूक आली कुठून आणि आधीच का सापडली नाही, याचा छडा लावला जायचा. त्याच परिशिष्टात एक इशाराही आहे: आता फारशा चुका सापडत नाहीत, मग एवढ्या महागड्या चाचण्या कशाला, असा सूर वरून निघतोय, त्याला बधू नका.

कुठे बारकाईनं बघायचं

यानातलं सॉफ्टवेअर लाखो ओळींचं असू शकतं. सगळ्या ओळी सारख्याच बारकाईनं तपासायच्या म्हटलं तर यान उडायचंच नाही. म्हणून आधी प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारतात: हा भाग चुकला तर काय होईल, आणि तो चुकण्याची शक्यता किती? इंजिन बंद करणारा भाग वरच्या नंबरावर, फोटो लहान करून साठवणारा भाग खाली. यानात माणसं असतील तर सगळाच निकष कडक होतो.

या टप्प्यावरची नेहमीची चूक एकच: हा भाग जुनाच आहे, याआधी उडालेला आहे, त्याला काय बघायचं? या एका वाक्यापायी युरोपनं एक रॉकेट आणि चार उपग्रह गमावले. हे प्रकरण जरा सावकाश बघण्यासारखं आहे.

एरियन-५ हे नवं रॉकेट ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरू इथून पहिल्यांदा उडालं. रॉकेट कुठल्या दिशेला, किती वेगानं चाललं आहे, हे सांगणारे दोन एकसारखे संच त्यात होते. एक बिघडला तर दुसरा हजर. दोन्हींतला प्रोग्रॅम एरियन-४ या जुन्या, भरवशाच्या रॉकेटातून जसाच्या तसा उचललेला होता. त्यात एक भाग असा होता, की उड्डाणापूर्वी संच नीट जुळवून घेणं एवढंच त्याचं काम. रॉकेट उडाल्यावर त्याचा उपयोग शून्य. तरी तो उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंद चालू ठेवलेला होता. उलटी गणती शेवटच्या क्षणी थांबवावी लागली तर पुन्हा जुळवणीत वेळ जाऊ नये, ही एरियन-४ च्या काळातली सोय.

हा निरुपयोगी भाग रॉकेटच्या आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा मोठ्या खान्यातून छोट्या खान्यात भरत असे. छोटा खाना १६ बिटचा, म्हणजे त्यात ३२,७६७ पर्यंतचाच आकडा मावतो. असे धोक्याचे सात आकडे होते. त्यातल्या चारांना, मावलं नाही तर काय करायचं, याचं संरक्षण दिलेलं होतं. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून तिघांना ते दिलं नाही. हे तीन आकडे एवढे वाढणारच नाहीत, असा हिशेब होता आणि एरियन-४ साठी तो अगदी बरोबर होता.

एरियन-५ चा सुरुवातीचा मार्ग वेगळा होता. त्याचा आडवा वेग फार लवकर वाढायचा. मुख्य इंजिन पेटल्यावर ३६-३७ सेकंदांनी आकडा खान्यात मावेना. राखीव संच आधी बंद पडला आणि पाठोपाठ, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत, मुख्य संचही. दोघांत प्रोग्रॅम एकच, तेव्हा दुसरं काय होणार? बंद पडताना मुख्य संचानं मुख्य संगणकाकडे आपल्या बिघाडाची सांकेतिक नोंद पाठवली. तिकडे ती उड्डाणाची खरी माहिती समजली गेली. इंजिनांची तोंडं पूर्ण वळली, रॉकेट वाकडं झालं, बूस्टर सुटायला लागले आणि रॉकेटनं स्वतःला उडवून दिलं. त्यावरचे क्लस्टर मोहिमेचे चारही उपग्रह गेले.

प्रत्येक ओळ लिहिल्याप्रमाणे चालली होती. चौकशी मंडळाला जे सापडलं ते मला सगळ्यात बोलकं वाटतं: त्या संचानं काय करायचं याच्या लेखी अटींमध्ये नव्या रॉकेटचा उड्डाणमार्ग घातलेलाच नव्हता. तपासणारा कितीही बारकाईनं बघो, कागदावर जुनंच रॉकेट असेल तर तो जुन्याच रॉकेटची तपासणी करणार.

लेखी अटी वाचणं

म्हणून तपासणीचं पहिलं खरं काम प्रोग्रॅम लिहिण्याच्या आधीच सुरू होतं. सॉफ्टवेअरनं काय करायचं याच्या लेखी अटींना रिक्वायरमेंट म्हणतात. फेअरमाँटच्या पद्धतीत अशा प्रत्येक अटीला तीन प्रश्न विचारले जातात. जे करायला हवं ते सॉफ्टवेअर करेल का? जे करायला नको ते करणार नाही ना? परिस्थिती बिघडली तर नीट वागेल का? पहिला प्रश्न सगळेच विचारतात. घात होतो तो दुसऱ्या-तिसऱ्यात.

नासाचं मार्स पोलर लँडर ३ डिसेंबर १९९९ ला मंगळावर उतरताना नाहीसं झालं. उतरतानाची माहिती पाठवायची सोय त्यावर नव्हती, त्यामुळे छातीठोक कुणी सांगू शकत नाही. पण चौकशीत सगळ्यात संभाव्य म्हणून जे कारण पुढे आलं ते असं. यानाला तीन पाय होते. पाय जमिनीला टेकले की कळावं म्हणून प्रत्येक पायात एक सेन्सर होता. संगणक हे सेन्सर सेकंदाला १०० वेळा बघायचा. ओळीनं दोन वेळा ‘टेकलं’ असं उत्तर आलं, की त्याची नोंद करून ठेवायचा. जमीन ४० मीटरवर आली की ही नोंद बघायला सुरुवात करायची आणि टेकल्याची नोंद असेल तर इंजिनं बंद करायची.

आता मेख अशी, की घडी घातलेले पाय जमिनीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर झटक्यानं उघडायचे. त्या झटक्यानं सेन्सरला क्षणभर ‘टेकलं’ असं वाटू शकतं, हे यंत्रं बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. तो क्षण दोन वाचनांइतका टिकला तर नोंद व्हायची आणि तशीच राहायची. ती पुसून टाका, असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या हातातल्या कागदावर कुठेही स्पष्ट म्हटलेलं नव्हतं. ४० मीटरवर संगणकानं नोंद बघितली, ‘टेकलं’ असं वाचलं आणि इंजिनं बंद केली. उरलेलं अंतर यान दगडासारखं पडलं.

एका टेबलावर ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्या टेबलापर्यंत पोचली नाही, एवढाच हा मामला. त्रयस्थ तपासणाऱ्याची खरी किंमत इथे कळते. त्याला दोन्ही टेबलांवरचे कागद शेजारी ठेवून वाचायला मिळतात आणि तो कुठल्याच टेबलाचा नसतो.

उलट्या बाजूनं: धोक्यापासून मागे

अटी वाचणं हे सुरुवातीपासून शेवटाकडे जाणं झालं. सुरक्षा बघणारे लोक शेवटापासून मागे येतात. ते आधी सगळ्यात वाईट काय होईल ते लिहितात, उदाहरणार्थ ‘इंजिन हवेतच बंद पडलं’, आणि ते कशाकशामुळे होऊ शकतं याच्या फांद्या काढत जातात. सेन्सर खोटं बोलला, तार तुटली, संगणक मध्येच पुन्हा सुरू झाला, पृथ्वीवरून चुकीची आज्ञा गेली. प्रत्येक फांदीवर विचारायचं: हे रोखायला काय आहे आणि तेही निकामी झालं तर? अंतराळवीरांच्या जिवावर बेतेल अशा धोक्यांसाठी शटल आणि अंतराळ स्थानकाच्या काळात नासाचा दंडक होता, की दोन गोष्टी एकापाठोपाठ बिघडल्या तरी अनर्थ होता कामा नये.

इथे एक पेच आहे आणि तो सोडवायचं ठरावीक सूत्र नाही. सेन्सरवर विश्वास ठेवायचा किती?

युरोपचं स्कियापारेली यान १९ ऑक्टोबर २०१६ ला मंगळाच्या वातावरणात शिरलं. पॅराशूट उघडल्यावर यानाला जोरात हिसके बसले आणि फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण सुमारे एक सेकंदभर आपल्या मर्यादेला जाऊन अडकलं. त्या चुकीच्या आकड्यावरून संगणकानं उंची काढली, ती शून्याच्या खाली आली. म्हणजे यान जमिनीच्या आत! संगणकानं ते खरं मानलं, पॅराशूट सोडून दिलं, इंजिनं जेमतेम तीन सेकंद चालवून बंद केली. यान तेव्हा जमिनीपासून सुमारे ३.७ किलोमीटर वर होतं.

यावर कुणीही म्हणेल, की अशक्य आकडा आला तर तो फेकून द्यायला शिकवा. जपानच्या एका खासगी कंपनीच्या हाकुतो-आर या चांद्रयानात अशी खबरदारी होती. २६ एप्रिल २०२३ ला ते एका विवराच्या कड्यावरून पुढे गेलं आणि खालची जमीन एकदम तीनेक किलोमीटर खोल गेली. उंची मोजणाऱ्या उपकरणानं ते बरोबर सांगितलं. संगणकाला एवढी उडी अशक्य वाटली. त्यानं उपकरण बिघडलं असं धरून त्याचं ऐकायचं बंद केलं आणि आपल्याच अंदाजानं यान ‘जमिनीवर’ आणलं. प्रत्यक्षात ते सुमारे पाच किलोमीटर वर होतं. इंधन संपलं आणि ते कोसळलं. उतरण्याची जागा आराखडा पक्का झाल्यानंतर बदलली होती आणि नव्या वाटेवरचा तो कडा आधीच्या सरावांमध्ये पुरता आलेला नव्हता. एका यानानं खोट्यावर विश्वास ठेवला, दुसऱ्यानं खऱ्यावर ठेवला नाही. तपासणाऱ्याला दोन्ही शक्यता कागदावर मांडून, कुठल्या वेळी कुणाचं ऐकायचं, हे एकेका प्रसंगासाठी विचारावं लागतं.

आपल्या चांद्रयान-२ चं विक्रम हे उतरणारं यान सप्टेंबर २०१९ मध्ये कोसळलं, त्याचा उलगडा इस्रोचे २०२३ मधले अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी त्या वर्षी जाहीरपणे केला. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, त्यातून चुका साचत गेल्या. त्या भरून काढायला यानाला झटकन वळणं भाग होतं, पण किती वेगानं वळायचं यावर सॉफ्टवेअरनं मर्यादा घातलेली होती. उतरायची जागाही ५०० मीटर गुणिले ५०० मीटर एवढीच. चांद्रयान-३ च्या वेळी काय काय बिघडू शकतं, याची यादी आधी केली आणि त्यावरून यान घडवलं. जागा सुमारे ४ किलोमीटर गुणिले २.५ किलोमीटर झाली. २३ ऑगस्ट २०२३ ला ते यान चंद्रावर सुखरूप उतरलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंच.

प्रोग्रॅम वाचणं

हा भाग बाहेरच्यांना सगळ्यात मोठा वाटतो. खरं तर तो बराचसा यंत्रांच्या हवाली झालेला आहे. प्रोग्रॅम न चालवता नुसता वाचून त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणारी साधनं असतात. शिवाय लिहिणाऱ्यांवरच बंधनं असतात. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत असताना जेरार्ड होल्झमन यांनी मांडलेले दहा नियम या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत. एक तुकडा साधारण ६० ओळींच्या पुढे जाऊ नये, म्हणजे तो एका कागदावर मावतो आणि माणसाला डोळ्यांखालून घालता येतो, हा त्यातलाच एक.

दुसरी पद्धत अशी, की प्रोग्रॅमची एक सोपी प्रतिकृती करायची आणि त्यात घडू शकणारे सगळे क्रम संगणकाकडून पडताळून घ्यायचे. डीप स्पेस-१ या यानावरच्या एका प्रयोगासाठी हे केलं, तेव्हा पाच चुका सापडल्या. पुढे मे १९९९ मध्ये अवकाशात तो प्रयोग अडकला. दोन प्रक्रिया एकमेकींची वाट बघत बसल्या होत्या. आधी सापडलेल्या पाचांपैकी एका चुकीचीच ही जात. फक्त ज्या भागाची अशी पडताळणी झाली नव्हती, त्या भागात ती होती.

चाचणी, सलग आणि खरीखुरी

मग येतात प्रत्यक्ष चाचण्या. आधी साध्या संगणकावर, मग यानात बसणारा खरा संगणक टेबलावर मांडून, त्याला यान खरंच उडतं आहे असं भासवून. इंजिनं, सेन्सर, ग्रह, सगळं खोटं. संगणक आणि प्रोग्रॅम खरा. या सरावात तपासणारे मुद्दाम खोड्या काढतात: सेन्सर बंद करतात, वेळ पुढेमागे करतात, दोन बिघाड एकदम घडवतात.

इथे फसायचे दोन रस्ते ठरलेले आहेत. पहिला, खऱ्या वस्तूच्या जागी तिची नक्कल वापरणं. एरियन-५ च्या सलग चाचणीत दिशा सांगणारे खरे संच नव्हतेच, त्यांची नक्कल होती. अपघातानंतर खरा उड्डाणमार्ग देऊन हेच प्रयोगशाळेत करून पाहिलं, तर बिघाड जसाच्या तसा घडला. दुसरा रस्ता, तुकडे पाडणं. पोलर लँडरच्या चाचणीत पाय उघडून पाहिले, तेव्हा सेन्सरच्या तारा चुकीच्या जोडलेल्या होत्या, त्यामुळे खोटा संकेत दिसलाच नाही. तारा दुरुस्त झाल्या. पाय उघडण्यापासूनची चाचणी मात्र पुन्हा केली गेली नाही.

बोइंगच्या स्टारलायनर या कुपीच्या पहिल्या, मनुष्यविरहित उड्डाणात हे दोन्ही रस्ते एकत्र आले. २० डिसेंबर २०१९ ला ती अ‍ॅटलास रॉकेटवरून निघाली. कुपीनं आपलं घड्याळ रॉकेटकडून लावून घ्यायचं होतं, पण ते चुकीच्या वेळी विचारलं आणि ११ तास चुकलं. आपण भलत्याच टप्प्यावर आहोत असं समजून तिनं इंधन उधळलं आणि अंतराळ स्थानकाची भेट हुकली. रॉकेटपासून सुटण्यापर्यंतची एक चाचणी, सुटल्यानंतरची दुसरी, असे तुकडे पाडलेले होते आणि घड्याळाची चूक नेमकी सांध्यावर होती. सलग चाचणीला २५ तासांहून जास्त लागले असते.

मग घाईघाईनं बाकीचं सॉफ्टवेअर पुन्हा बघितलं, तेव्हा आणखी एक चूक सापडली. परत येताना कुपीपासून मागचा भाग वेगळा होतो. त्याच्या छोट्या इंजिनांचा नकाशाच चुकलेला होता आणि तो भाग कुपीवर येऊन आदळला असता. कुपी अवकाशात असतानाच ही दुरुस्ती वर पाठवली आणि २२ डिसेंबरला ती न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सुखरूप उतरली. त्या भागाच्या चाचणीत खऱ्या यंत्रणेऐवजी नक्कल वापरली होती. पुढे चौकशी गटानं ८० शिफारशी केल्या आणि आपली देखरेखही कमी पडली, हे नासानं मान्य केलं.

सापडलेलं ऐकायचं कुणी?

चूक सापडणं हे अर्धंच काम. ती लेखी मांडावी लागते: कुठे आहे, कशामुळे वाटते, घडली तर काय होईल. तिला गंभीरतेचा क्रमांक दिला जातो. लिहिणारे म्हणतात, असं कधी होणारच नाही. तपासणारे म्हणतात, होणार नाही हे दाखवा. हा वाद मिटेपर्यंत नोंद बंद करायची नाही, असा दंडक असावा लागतो. आणि वाद मिटलाच नाही, तर प्रकल्पप्रमुखाला वळसा घालून वर जायचा रस्ता उघडा असावा लागतो. नासाच्या नियमांत मतभेद रीतसर नोंदवून वरच्या पायरीवर नेण्याची तरतूद आहे. चॅलेंजर आणि कोलंबिया ही दोन्ही शटलं सॉफ्टवेअरमुळे गेली नाहीत. पण दोन्ही वेळा काळजी बोलून दाखवणारे इंजिनिअर होते आणि त्यांचा आवाज वर पोचला नाही.

उड्डाणानंतर

यान उडालं की तपासणाऱ्यांची संख्या कमी होते. ते समजण्यासारखं आहे, आणि धोक्याचंही, कारण प्रोग्रॅममधले आकडे पृथ्वीवरून बदलले जातच असतात. मार्स ग्लोबल सर्व्हेयर हे यान मंगळाभोवती नऊ वर्षं उत्तम चाललं. २००६ मध्ये पाठवलेले काही आकडे त्याच्या स्मृतीत चुकीच्या जागी लिहिले गेले. पाच महिन्यांनी त्याची परिणती बॅटरी निकामी होण्यात झाली आणि संपर्क कायमचा तुटला. जपानची हितोमी ही अवकाश दुर्बीण १७ फेब्रुवारी २०१६ ला उडाली. तिला सावरण्यासाठी असलेल्या छोट्या इंजिनांचे आकडे चुकीचे पाठवले गेले आणि ते पाठवण्यापूर्वी नीट पडताळलेले नव्हते. २६ मार्चला दुर्बीण गरगर फिरून तुटली. प्रोग्रॅम बदलला की चाचणी करायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आकडा बदलला तरी तेवढीच करायची, हे सांगावं लागतं.

यातलं एखादं प्रकरण मुळातून बघावंसं वाटलं, तर आपण एरियन-५ च्या चौकशीपासून सुरुवात करा. गणितज्ञ झाक-लुई लिओंस यांच्या मंडळानं तो अहवाल अपघातानंतर दीड महिन्यात, १९ जुलै १९९६ ला दिला. तो इंग्रजीत आहे, छोटा आहे, सगळ्यांना वाचायला खुला आहे, आणि त्यात कुणा एका माणसावर दोष टाकलेला नाही.